एका दिवसाचा पगार आणि बारा वर्षांची शाळा

(गणेशोत्सवातील सभासद मेळाव्यात मंडळाच्या नोकरदार व सेवानिवृत्त सभासदांच्या वतीने केलेले भाषण)



आरतीनंतर फार वेळ बसवून ठेवू नये, ही सूचना अध्यक्षांनी आधीच दिली आहे. तेव्हा सरळ विषयाला येतो. आमच्यापैकी कोणी शिक्षक आहे, कोणी रेल्वेत, कोणी बँकेत, कोणी तहसील कार्यालयात, तर कोणी बोरगावच्या कारखान्यांत. देशात कुठे भूकंप झाला, पूर आला, वादळ आले की आम्हा सगळ्यांच्या कामाच्या ठिकाणी एक कागद फिरतो. त्यावर नावांची यादी असते, शेवटच्या रकान्यात सही करायची असते आणि पुढच्या महिन्याच्या पगारातून एका दिवसाचे वेतन कापले जाते. ही पद्धत चांगलीच आहे. तिच्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत अन्न, औषध, तंबू, घोंगड्या पोहोचतात. पण त्या आपत्तीत आई किंवा बाप गमावलेल्या मुलाचे पुढे काय होते, हा प्रश्न त्या कागदावर नसतो. आज तोच प्रश्न आपल्यापुढे ठेवायचा आहे आणि शेवटी मंडळापुढे एक प्रस्तावही मांडायचा आहे.

गणेशोत्सवात हा विषय घेण्याला कारण आहे. १९९३ साली अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. महाराष्ट्रभर विसर्जनाच्या मिरवणुका रात्री उशिरापर्यंत चालल्या आणि माणसे थकून झोपली. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात जमीन हलली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली ५२ गावे उद्ध्वस्त झाली. जवळजवळ आठ हजार माणसे गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने हा आकडा फार मोठा नाही. पण दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड धाबे अशी ती घरे होती. झोपेतली माणसे आपल्याच घराखाली गाडली गेली.

आमच्यापैकी जे तेव्हा नोकरीत होते, त्यांना त्या वर्षीची पगारातली कपात आठवते. आपले राज्य वेगळे, पण किल्लारीची माणसे आपल्याच भाषेत रडत होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपला छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. कागदावर सीमा आली, पण सोयरीक, बाजारहाट, पोळा, गणपती हे सगळे सीमेच्या दोन्ही बाजूंना तसेच राहिले. त्यामुळे किल्लारी आपल्याला कधी परकी वाटली नाही.

आता त्या मुलांकडे वळू. भूकंपानंतर पुण्याच्या शांतिलाल मुथ्था यांनी भारतीय जैन संघटनेतर्फे भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुले पुण्याला आणली आणि त्यांच्या राहण्याची व शिक्षणाची जबाबदारी घेतली. पुढे वाघोलीला त्यासाठी कायमचे शैक्षणिक संकुल उभे राहिले. पैसा उभा करणे अवघड होतेच, पण त्याहून अवघड होते ते मुले मोठी होईपर्यंत न थांबणे. बाराशे मुलांना एक महिना जेवू घालणे एखादे मोठे शहर सहज करील. त्याच मुलांना रोज सकाळी उठवणे, शाळेत पाठवणे, ताप आला तर उशाशी बसणे, दहावीला बसवणे आणि हे वर्षानुवर्षे करणे, हे काम वेगळ्याच जातीचे आहे. ते संकुल किल्लारीच्या मुलांपुरते राहिले नाही. पुढे मेळघाटातली आदिवासी मुले आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतली मुलेही तिथे शिकली.

आम्ही एक साधा हिशेब मांडून पाहिला. १९९३ साली पहिलीत असलेले मूल बारावी पास व्हायला २००५ साल उजाडते. या बारा वर्षांत देशात काय काय झाले? २२ मे १९९७ ला आपल्याच राज्यात जबलपूरचा भूकंप झाला. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशाचे महाचक्रीवादळ आले. २६ जानेवारी २००१ ला भुजचा भूकंप आणि २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी. म्हणजे किल्लारीचे ते मूल अजून शाळेतच होते, तोवर चार मोठ्या आपत्तींनी वर्तमानपत्रांची पहिली पाने व्यापली. प्रत्येक वेळी नवा कागद फिरला, नवी कपात झाली आणि लोकांनी मनापासून दिले. पण प्रत्येक नव्या कागदाबरोबर जुन्या आपत्तीतले मूल एक पाऊल मागे सरकले. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. आपत्तीची बातमी आठवड्यांत संपते, मुलाची गरज मात्र इयत्तांमध्ये मोजावी लागते.

हे आपल्या पूर्वजांना चांगले समजत होते. ‘वार लावून जेवणे’ हा शब्दप्रयोग इथल्या आजी-आजोबांना माहीत आहे. शिकायला आलेल्या गरीब मुलाला सात घरे सात वार वाटून घेत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. कोणत्याही एका घरावर भार पडत नसे आणि मुलाचे शिक्षण पूर्ण होई. एखाद्या घरी सुतक आले किंवा पाहुणे आले तर शेजारचे घर तो वार सांभाळून घेई. त्या पद्धतीत उणिवाही होत्या. मुलाला दारोदार जावे लागे, जातीपातीचा विचार होई, कुठे शिळेपाके वाढले जाई. म्हणून पुढच्या पिढीने ती सुधारली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि सर्व जातींची मुले एका वसतिगृहात एका पंगतीत बसवली. त्यासाठी घराघरातून मूठमूठ धान्य गोळा केले. पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने विद्यार्थी सहायक समिती सुरू झाली. ग्रामीण भागातल्या हजारो मुलामुलींना तिने वसतिगृहाचा आधार दिला. या सगळ्यांत सूत्र एकच दिसते. थोडे द्यायचे, पुष्कळांनी द्यायचे आणि शिक्षण पुरे होईपर्यंत द्यायचे.

दूर देशातल्या मुलाचा असाच भार उचलण्याची पद्धत जगातही आहे आणि तिचा एक धागा आपल्या भागाजवळून गेला आहे. पंडिता रमाबाईंच्या कामासाठी अमेरिकेत बोस्टनला एक संस्था स्थापन झाली. तिने दहा वर्षे मदत करण्याचा शब्द दिला आणि गावोगावच्या छोट्या मंडळांनी वर्गणी जमवून तो पाळला. त्या बळावर १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू झाले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि सुमारे तीनशे निराधार मुली त्यांनी आपल्याबरोबर नेल्या. त्या मध्य प्रांतातच तेव्हा आपला छिंदवाडा जिल्हा होता. रमाबाईंच्या धर्मविषयक भूमिकेवरून त्या काळी पुण्यात मोठा वाद झाला, तो सर्वांना ठाऊक आहे. वादाच्या तपशिलात आज शिरत नाही. पण त्यातून निघणारा प्रश्न महत्त्वाचा आहे. देणाऱ्याने मुलाच्या घराला, भाषेला आणि श्रद्धेला हात लावावा का? आमचे उत्तर आहे, लावू नये. आपण फी आणि वह्या द्याव्या. मुलाने कोण व्हावे हे त्याने आणि त्याच्या माणसांनी ठरवावे.

पुढे १९३७ साली स्पेनमधल्या यादवी युद्धात निराधार झालेल्या मुलांसाठी जॉन लँगडन-डेव्हिस या पत्रकाराने ‘प्लॅन’ ही संस्था काढली. एका मुलामागे एक पालक, दरमहा ठराविक रक्कम आणि अधूनमधून पत्र, अशी ती योजना होती. नंतर अनेक संस्थांनी हीच वाट धरली. आपल्याकडे रिप्पन कपूर या विमान कंपनीतल्या कर्मचाऱ्याने १९७९ साली सहा मित्रांसह अवघ्या ५० रुपयांवर ‘क्राय’ सुरू केली. नोकरी करणाऱ्या माणसाने मुलांसाठी काय करता येते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

अशा मदतीचा खरोखर उपयोग होतो का, असे काही सभासदांनी विचारले. योग्य प्रश्न आहे. ब्रूस वायडिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतासह सहा देशांत याचा अभ्यास केला आणि तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. ‘कम्पॅशन इंटरनॅशनल’ या संस्थेमार्फत पालकत्व मिळालेली मुले मोठी झाल्यावर त्यांची तपासणी केली, तेव्हा ती सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकल्याचे दिसले. एक-दीड वर्ष ऐकायला थोडे वाटते. पण आठवीत शाळा सुटणे आणि दहावीपर्यंत पोहोचणे यातले अंतर आपल्या गावांतल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे.

याच संस्थेची दुसरी बाजूही सांगायला हवी. परकीय निधीवरून भारत सरकारने आक्षेप घेतले, पूर्वपरवानगीची अट आली आणि मार्च २०१७ मध्ये संस्थेने भारतातले काम बंद केले. लाखाहून अधिक मुलांचा परदेशातल्या पालकांशी असलेला संबंध त्या दिवशी तुटला. कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा इथे करायचा नाही. आपल्यासाठी धडा इतकाच की ज्या मुलाचा आधार एकाच दोरीवर आहे, त्याचे ती दोरी तुटल्यावर हाल होतात. दोरी कायद्याने तुटो, देणाऱ्याच्या बदलीने तुटो की कंटाळ्याने तुटो, मुलाला ते सारखेच.

आता दोन आक्षेप. पहिला आक्षेप नेहमीचा आणि रास्त आहे. आपल्या दाराशी गरीब मुले असताना लांबच्या मुलांकडे कशाला पाहायचे? कापूस वेचणीच्या आणि संत्रा तोडणीच्या हंगामात मजुरीला येणाऱ्या कुटुंबांतली मुले आपण बागेच्या धुऱ्यावर खेळताना पाहतो. त्यांची शाळा त्या महिन्यांत बुडते. त्यांना विसरून किल्लारी किंवा नेपाळकडे पाहणे आम्हालाही पटत नाही. म्हणूनच आमच्या प्रस्तावात दोन्ही आहेत, ते पुढे सांगतो. पण इतके लक्षात घ्यावे की आपत्ती आल्यावर त्या भागातले शेजारीही उघड्यावर आलेले असतात. जिथे सगळ्या गल्लीची घरे पडली, तिथे ‘शेजाऱ्यांनी सांभाळावे’ असे म्हणता येत नाही. तेव्हा बाहेरच्यानेच वार लावावा लागतो.

दुसरा आक्षेप सक्तीचा. पगारातून कापून घ्यायचे तर नाही कोण म्हणणार? वरच्या साहेबाने यादी पाठवली की मनात नसतानाही सही होते. ऑगस्ट २०१८ च्या महापुरानंतर केरळ सरकारने कर्मचाऱ्यांना एक महिन्याचा पगार हप्त्यांनी देण्याचे आवाहन केले. ज्यांना द्यायचा नाही त्यांनी तसे लिहून द्यावे, अशी अट घातली. केरळ उच्च न्यायालयाने त्या अटीला स्थगिती दिली आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. घरात आजारपण आहे, मुलीचे लग्न आहे, कर्ज आहे, म्हणून मी देत नाही, हे माणसाला चारचौघांत लिहून द्यायला लागू नये. आपल्याकडे ‘नाही’ म्हणणाऱ्याला काहीच लिहावे लागणार नाही. ज्याला द्यायचे आहे त्यानेच नाव द्यावे.

आता प्रस्ताव. आधी हिशेब पाहू. महिना ३०,००० रुपये पगार असणाऱ्याचा एका दिवसाचा पगार होतो १,००० रुपये. तो एकदा जातो. त्याऐवजी दरमहा १०० रुपये दिले तर वर्षाला १,२०० होतात, म्हणजे जवळजवळ तेवढेच. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्यमध्ये नातेवाइकांकडे राहणाऱ्या गरजू मुलासाठी महिना ४,००० रुपयांची तरतूद आहे. तेच माप धरले तर चाळीस सभासदांचे दरमहा शंभर रुपये म्हणजे एका मुलाचा पूर्ण महिना. आपल्या दोन तहसिलींत मंडळाचे चाळीस नोकरदार सभासद निघणे कठीण नाही. ८० निघाले तर दोन मुले.

पहिले मूल आपत्तीग्रस्त भागातले असावे, दुसरे आपल्याच पांढुर्णा जिल्ह्यातले. २०२३ मध्ये आपल्या दोन तहसिलींचा मिळून हा नवा जिल्हा झाला आहे. तेव्हा जिल्ह्यातल्या मुलांचीही जबाबदारी आता आपल्याच अंगावर आहे.

यासाठी आम्ही काही नियम सुचवतो.

एक. मूल आपण निवडायचे नाही. नोंदणीकृत संस्थेमार्फत किंवा जिल्ह्याच्या बालकल्याण समितीमार्फतच निवड व्हावी. आपत्तीनंतर ‘अनाथ मूल आहे, घेऊन जा’ असे निरोप मोबाईलवर फिरतात. कोरोनाच्या काळातही फिरले. असे मूल परस्पर घेणे बेकायदा आहे. दत्तक घेण्याचा कायदेशीर मार्ग वेगळा आहे आणि आपण सुचवतो आहोत तो दत्तकविधान नव्हे. संकटात सापडलेले मूल दिसले तर १०९८ या क्रमांकावर कळवावे.

दोन. ज्या मुलाची आई, आजी, मामा कोणी जिवंत आहे, त्याला शक्यतो त्यांच्याजवळच ठेवून मदत करावी. पुष्कळदा मूल निराधार नसते, त्याचे घर फक्त पैशाने मोडलेले असते. सरकारी योजनेचा हक्क असेल तर तो आधी मिळवून द्यावा. मध्य प्रदेशात नातेवाइकांकडे वाढणाऱ्या अनाथ मुलांसाठी मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजना आहे. तिचा अर्ज भरून देणे हीसुद्धा मदतच आहे आणि आपल्यातले कार्यालयात काम केलेले लोक ती उत्तम करू शकतात.

तीन. मुलाला व्यासपीठावर बोलावून, हार घालून, धनादेशाचा फोटो काढायचा नाही. संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करण्यास कायद्याने बंदी आहे. कायदा नसता तरी आपण ते करू नये. आपल्या मुलांनी जर अशा फोटोत उभे राहावे असे आपल्याला वाटत नसेल, तर दुसऱ्याच्या मुलानेही राहू नये. स्मरणिकेत फक्त जमाखर्च आणि इयत्ता छापाव्या.

चार. वर्गणी बँकेतून जावी आणि पावती घ्यावी. ८०जी ची सवलत २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत ती नाहीच. तेव्हा सवलतीसाठी कोणी नाव देऊ नये. कारखान्यांच्या सीएसआर निधीकडे आपल्या जिल्ह्यातल्या मुलासाठी मागणी करता येईल, पण देशाबाहेरचा खर्च त्या निधीत बसत नाही. नेपाळसारख्या देशातल्या मुलासाठी द्यायचे झाले तर ते आपल्या खिशातूनच द्यावे लागेल.

पाच, आणि हा सर्वांत महत्त्वाचा. पहिल्या वर्षाची संपूर्ण रक्कम ठेव म्हणून बँकेत जमा झाल्याशिवाय एकाही मुलाला शब्द द्यायचा नाही. आपल्यातल्या नोकरदारांच्या बदल्या होतात. कोणी बैतूलला जाईल, कोणी भोपाळला, कोणी निवृत्त होईल. ज्याची बदली झाली त्याने जाण्यापूर्वी आपल्या जागी दुसरे नाव द्यावे. ते मिळाले नाही तर तोपर्यंत ठेवीतून भरावे. वार लावणाऱ्या घरी अडचण आली तर शेजारचे घर सांभाळून घेई, तशीच ही सोय.

या नियमावर आमच्यात बरीच चर्चा झाली. काहींचे म्हणणे, इतकी काळजी केली तर काम सुरूच होणार नाही. त्यावर एका निवृत्त शिक्षिका ताईंनी जे सांगितले ते आम्हा सर्वांना पटले. त्या म्हणाल्या, ज्या मुलाला कोणी काहीच देत नाही ते आपली वाट आपण शोधते. पण ज्याला आपण सातवीत हात दिला आणि नववीत सोडला, ते मूल आपल्या भरवशावर दुसरी वाट सोडून बसलेले असते. म्हणून बारा वर्षे निभवायची तयारी नसेल तर मंडळाने हा प्रस्ताव आज नामंजूर करावा. आम्हाला राग येणार नाही. पुढच्या आपत्तीत पूर्वीप्रमाणे एका दिवसाचा पगार देऊ आणि त्यातही समाधान मानू.

पण आम्हाला वाटते, ही तयारी आपल्यात आहे. ज्या समाजाने राज्याच्या सीमा बदलल्यावरही पिढ्यानपिढ्या मराठी घरात जपली, मुले हिंदी शाळेत शिकत असतानाही घरात आरती मराठीतून चालू ठेवली, त्याला नेटाने एखादी गोष्ट धरून ठेवणे नवीन नाही. दरवर्षी वर्गणी मागायला जाणाऱ्या कार्यकर्त्यांना विचारा, पांढुर्ण्यात आणि सौसरमध्ये अशी घरे आहेत जिथे आजोबांनंतर मुलाने आणि मुलानंतर नातवाने तीच वर्गणी चालू ठेवली. बारा वर्षे त्या मानाने फार नाहीत.

नावनोंदणीची वही मांडवाच्या डाव्या बाजूला सचिवांजवळ ठेवली आहे. तिच्यात नाव, दरमहाची रक्कम आणि सही असे तीनच रकाने आहेत. विसर्जनाच्या दिवशी सकाळी ती बंद होईल. चाळीस नावे झाली तर ठेवीचे काम दिवाळीपूर्वी सुरू करू. तितकी झाली नाहीत तर वहीतली नावे तशीच जपून ठेवू आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारू.

 गणपती बाप्पा मोरया.